मुद्देरावांची धुरी

मेहुण्याच्या घरी जेवायला जाऊ नये. गेलंच तर त्याच्या जेवणाला नावं ठेवू नयेत. आणि नावं ठेवलीच, तर निदान "यात काय मोठंसं" हे तीन शब्द तरी सासूबाईंच्या समोर तोंडात घास असताना उच्चारू नयेत. मुद्देरावांनी एका रविवारी या तिन्ही गोष्टी एका बैठकीत केल्या.

मुद्देराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते नगरपालिकेच्या आवक-जावक विभागात हेडक्लार्क होते आणि काहीही बोलायचं झालं तरी क्रमांक घालून बोलत. कुणी चहा विचारला तर म्हणत, "नको. एक, आत्ताच झाला. दोन, तुमचा चहा पातळ असतो." लोक दुखावत, पण मुद्दा नाकारता येत नसे. त्यामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांच्या बायकोला मात्र गल्लीभर सगळे वहिनी म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

त्या रविवारी झालं असं, की मेहुण्याने नवं मशीन घेतलं होतं. फ्रीजएवढं उंच, काळं, पुढे बटणं. सकाळी मांस आत ठेवायचं, बटण दाबायचं आणि खुशाल झोपायचं. आत लाकडाचा धूर होतो, मांस सावकाश शिजतं आणि झालं की मशीन मोबाइलवर मेसेज पाठवतं. मेहुणा कमरेला ॲप्रन बांधून ताटाताटातून फिरत होता आणि प्रत्येक जण पहिल्या घासाला "अहाहा" म्हणत होता. पाचव्या अहाहानंतर मुद्देरावांना राहवलं नाही.

"यात काय मोठंसं?" ते म्हणाले. "धूर करायचा आणि त्यात मांस टांगायचं."

मेहुण्याने ॲप्रनला हात पुसले. "भावोजी, हे म्हणजे अर्जावर शिक्का मारणं नव्हे."

सगळे हसले. त्याचं मुद्देरावांना काही वाटलं नाही. लोक हसतात, लोकांना दुसरं काय काम. पण वहिनीही हसल्या. आणि त्याही साध्यासुध्या नाही, ठसका लागून, पाणी मागून.

मुद्देरावांनी ताट सरकवलं. "बरोबर दोन महिन्यांनी, अठरा तारखेला, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी सगळे आमच्याकडे. बोकडाची अख्खी मांडी, घरच्या अंगणात, घरच्या धुरावर. मशीन नाही, बटण नाही."

"आणि मेसेज?" मेहुण्याने विचारलं.

"मेसेज द्यायला मी स्वतः येईन."

घरी परतताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला गॅस लावताना अजून काडीची भीती वाटते." मुद्देरावांनी तोवर मनात फाइल उघडली होती.

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच उघडली. पिवळ्या पुठ्ठ्याची, वर सुबक अक्षरात 'विषय : मांसास धुरी देणे'. लायब्ररीतून पुस्तक आलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले गेले. त्यातून निष्पन्न झालं ते असं, की लोखंडाची एक मोठी पेटी हवी, खाली विस्तव हवा, वर मांस हवं आणि मध्ये माणसाकडे अपार धीर हवा. धीर मुद्देरावांकडे होता. तीस वर्षं त्यांनी लोकांना तोच शिकवला होता. प्रश्न पेटीचा होता.

पेटी घरातच निघाली. मागच्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट होतं, दारावर पुरुषभर उंचीचा आरसा असलेलं. वहिनींनी ते एका अटीवर दिलं, की आरसा तेवढा सांभाळून काढायचा. कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. हा मोठा आशावादी माणूस. कशालाही तो "होऊन जाईल" म्हणे. कपाटाला खाली विस्तवाचा कप्पा? होऊन जाईल. वर धुराडं? होऊन जाईल. आरसा काढायचा? त्याने स्क्रू पाहिले, स्क्रूंवरचा गंज पाहिला, मुद्देरावांकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या ना साहेब. शोभा येते."

तर अशा रीतीने मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाशेजारी, कपडे धुवायच्या दगडासमोर, आरशाचं एक कपाट धुराडं लावून उभं राहिलं. मुद्देरावांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला त्यांनी आरशात स्वतःला पाहिलं आणि त्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी करून दाखवणार.

शेजारी सल्ले घेऊन आलेच. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे जी लोक न मागता घरपोच देतात. शिंपी म्हणाला, ओलं गोणपाट बांधा. औषधाच्या दुकानवाला म्हणाला, धुराने खोकला होतो, माझ्याकडे सिरप आहे. पण सगळ्यांत वजनदार सल्लागार म्हणजे पलीकडचे निवृत्त स्टेशनमास्तर. आयुष्यभर इंजिनं पाहिल्यामुळे आग या विषयावर आपला हक्क आहे असं ते मानत.

"आग ही गाडीसारखी असते," ते म्हणाले. "वेळेच्या आधी आली तरी गोंधळ, उशिरा आली तरी गोंधळ. तापमान किती ठेवणार?"

"एकशे दहा ते एकशे वीस."

"मोजणार कशाने?"

मुद्देरावांनी घरातला तापाचा थर्मामीटर दाखवला. मास्तरांनी दयेने मान हलवली, घरी गेले आणि एका मोडीत निघालेल्या इंजिनावरची पितळी तबकडी घेऊन आले. ती वेल्डरने दारात बसवली. आरशाच्या बरोबर मध्ये. त्यामुळे आरशात पाहणाऱ्याच्या छातीवर तापमान दिसू लागलं.

पहिला प्रयोग कोंबडीवर झाला. बोकडाची मांडी ही पदवी परीक्षा, आधी कोंबडी ही पूर्वपरीक्षा, असं मुद्देरावांनी फाइलमध्ये नमूद केलं होतं. चार तास झाले. मध्येच ताड् असा आवाज येऊन आरसा तिरका तडकला. वहिनी स्वयंपाकघरातून "मला दिसलं नाही" असं म्हणाल्या, म्हणजे दिसलं होतं. अखेर दार उघडलं. कोंबडी छान फुगली होती, शिजलीही होती. फक्त ती हिरवी होती.

कपाट आतून हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेलं होतं, एवढी एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वहिनींनी कडेचा एक तुकडा चाखून हळूच पदराआड काढला. "अहो, ही कोंबडी आहे की खिडकीची चौकट?"

वेल्डरला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "रंग आधी जाळून घ्यावा लागतो साहेब. हे सगळ्यांना माहीत असतं." मग तीन दिवस रंग जाळणं, घासणं आणि परत जाळणं झालं. मुद्देराव ऑफिसात गेले की लोक खिडक्या उघडत.

दुसऱ्या प्रयोगात लाकूड चुकलं. खोक्याच्या फळ्या जाळल्या. त्या फळ्यांत राळ होती. असा काळा, तेलकट, लोळ-लोळ धूर निघाला, की मास्तर पलीकडून "गाडी कोणती?" असं ओरडले. धूर सरळ वर गेला. वर काकू राहत.

काकू एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर देशी. त्यांची बाल्कनी मुद्देरावांच्या अंगणावर अचूक ओठंगलेली, आणि त्या दिवशी तिथे तीन पांढऱ्या चादरी वाळत होत्या. संध्याकाळी त्या पांढऱ्या नव्हत्या. काकू खाली आल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी वरूनच चादरी एकेक करून झटकल्या. मुद्देरावांच्या डोक्यावर.

आता लाकूड फळझाडाचंच हवं, असं पुस्तक सांगत होतं, आणि अंगणात पेरू उभा होता. त्याची एक फांदी वर्षभर वाळून तशीच लटकत होती. कुणीही शहाण्या माणसाने कोयता उचलला असता. पण मुद्देराव नगरपालिकेचे माणूस. फांदी तोडायला वृक्ष विभागाची परवानगी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, स्वतःच्याच खिडकीवर स्वतःच दिला, स्वतःच आवक क्रमांक टाकला आणि स्वतःलाच पोच दिली. इतकं समाधान त्यांना बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

मग अर्ज गायब झाला. वृक्ष विभाग एकाच जिन्यावर, बावीस पायऱ्या वर. तिथला कारकून म्हणाला, "अजून आलेला नाही." आठवड्याने म्हणाला, "आला होता, पण स्थळपाहणी राहिली." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "फांदी वाळलेली असल्याचा पुरावा जोडलेला नाही." मुद्देराव वाळलेली पानं पाकिटात घालून घेऊन गेले. कारकुनाने पाकीट उघडलं, हुंगलं आणि म्हणाला, "ही याच फांदीची कशावरून?"

मुद्देराव बावीस पायऱ्या उतरून आले आणि खिडकीशी बसले. रांगेतल्या माणसांकडे त्यांनी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिलं म्हणतात.

एका शांत मंगळवारी, दुपारी, वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना, ती फांदी आपणहून खाली पडली. बहुधा तिलाच कंटाळा आला असावा. परवानगी त्यानंतर चार दिवसांनी मिळाली.

पण त्याआधी, त्याच आठवड्यात, आवकच्या खिडकीशी काकू आल्या. हातात घडी केलेला कागद. रांगेत उभ्या राहून, आपला नंबर आल्यावरच त्यांनी तो पुढे केला. मुद्देरावांनी चष्मा सारखा करून वाचला.

"असं नाही चालत काकू. एक, विषय लिहिलेला नाही. दोन, तारीख नाही. तीन, 'धुराने जीव नकोसा झाला आहे', हे फार मोघम आहे. कुणाच्या धुराने? किती वाजता? कोणत्या दिशेने?"

"तुमच्या," काकू म्हणाल्या.

"मग तसं लिहा ना! वाचणाऱ्याने काय समजायचं?"

काकूंचा चेहरा उतरला. "मला नाही हो ते सरकारी येत. मुलीला फोनवर विचारलं, तिलाही येत नाही."

इथे मुद्देरावांच्या आतला कलावंत जागा झाला. दुसऱ्याचा कच्चा अर्ज पाहिला की त्यांना एखाद्या गवयाला बेसूर ऐकून व्हावं तसं होई. त्यांनी काकूंना आत खुर्ची दिली, कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"चादरी किती होत्या?"

"तीन."

"तीन पांढऱ्या चादरी, धुतलेल्या, वापरण्यायोग्य. बरं. गैरअर्जदाराचं वर्तन? उद्दाम लिहू का? अर्जाला वजन येतं."

"उद्दाम नाही हो तुम्ही," काकू संकोचून म्हणाल्या. "जरा हट्टी आहात."

"हट्टी हा कार्यालयीन शब्द नाही. दुराग्रही लिहितो." पेन धावू लागलं. "सात. स्थळपाहणी करावयाची झाल्यास ती प्रत्यक्ष धूर असतानाच व्हावी, गैरअर्जदाराचा पुढील कार्यक्रम दिनांक अठरा रोजी असल्याचे समजते. आठ. पाहणी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समक्ष व्हावी, कारण गैरअर्जदार हा याच कार्यालयाचा कर्मचारी असून प्रकरण दडपले जाण्याचा संभव नाकारता येत नाही."

"अहो, एवढं कशाला?" काकू म्हणाल्या.

"अर्ज करायचा तर पुरता करावा," मुद्देराव म्हणाले आणि सुंदर, ठसठशीत शिक्का मारला.

अर्ज त्याच दुपारी मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि मुद्देरावांना बोलावलं.

"इतका मुद्देसूद अर्ज मी या खुर्चीत बसल्यापासून पाहिला नाही. कुणी लिहिला?"

"मी, साहेब."

"आणि हा दुराग्रही गैरअर्जदार कोण?"

"तोही मीच, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुद्देराव तिथेच होते. "अठरा तारखेला मी स्वतः येतो," साहेब शेवटी म्हणाले. "आरोग्य निरीक्षकांना घेऊन. तुम्ही दुसरी वाटच ठेवलेली नाही."

घरी हे कळल्यावर वहिनी अंगणातल्या दगडावर बसल्या. "म्हणजे माझा भाऊ, माझी आई, तुमचे साहेब आणि तुमची चौकशी, सगळं एकाच दिवशी? पंचवीस वर्षांनी मला हे मिळालं?"

"मांडी उत्तम झाली तर सगळं निभावेल," मुद्देराव म्हणाले.

"आणि नाही झाली तर?"

या मुद्द्याला क्रमांक नव्हता.

अठरा तारखेला पहाटे पाचला मुद्देरावांनी विस्तव केला. तीन किलोची मांडी आदल्या दिवशीच मीठ, मिरी आणि लसूण चोळून ठेवली होती. पेरूची ढलपी कोळशावर पडली आणि एक गोडसर वास अंगणभर झाला. मांडीत खुपसलेल्या लांब सुईच्या थर्मामीटरचा काटा दाराबाहेर दिसेल असं वेल्डरने भोक पाडून दिलं होतं. म्हणजे आता दोन काटे झाले, एक कपाटाचा, एक मांडीचा. मास्तर सहालाच वही घेऊन आले आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्ही काट्यांची नोंद करू लागले. वहिनींनी चहा दिला, आणि जाता जाता हळूच सांगितलं, "मी डझनभर अंडी उकडून ठेवलीत. असू द्यावीत."

"अंडी?" मुद्देरावांचा आवाज चिरकला. "माझ्यावर अंड्यांचा विमा?"

"तुमच्यावर नाही हो. मांडीवर."

साडेदहाला मांडीचा काटा सत्तरवर आला. अकरालाही सत्तर. साडेअकराला सत्तर. बाराला पाहुणे आले. सासूबाई, मेहुणा, मेहुण्याची बायको, ऑफिसातले तिघे, वेल्डर. सगळे भुकेले आणि सगळे अंगणात. मेहुण्याने आरशापाशी जाऊन केस सारखे केले. तडकलेल्या काचेत त्याची दोन डोकी दिसत होती आणि दोन्ही हसत होती.

"भावोजी, काटा अडकलाय तुमचा. उघडून बघा."

"उघडायचं नाही," मुद्देराव कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "एक, उघडलं की उष्णता जाते. दोन, या टप्प्यावर मांसाला घाम येतो आणि तो घाम त्याला थंड ठेवतो. तीन, हे पुस्तकात आहे. चार, तुमच्या मशीनमध्येही हेच होतं, फक्त तेव्हा तुम्ही झोपलेले असता."

"गाडी सिग्नलला उभी आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "प्रवाशांनी खाली उतरू नये." आणि त्यांनी एक अंडं सोललं.

साडेबाराला बाराही अंडी संपली होती. सासूबाई जावयाकडे अशा बघत होत्या, जणू पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाचा फेरविचार चालला आहे. मुद्देराव कपाटासमोर मांडी ठोकून बसले. घाम कपाळावरून नाकावर आला, नाकावरून शर्टावर. त्यांना वाटलं, कोयता न उचलणारा, काडीला भिणारा, स्वतःविरुद्ध अर्ज लिहिणारा आपण माणूस, आपल्याला हे कुणी सांगितलं होतं? पण उठावंसं मात्र वाटलं नाही. मघापासून ते एका बारीक फटीतून येणारा वारा वीट बोटभर सरकवून कमीजास्त करत होते, आणि कोळसा त्यांचं ऐकत होता. तीस वर्षांत त्यांचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

एकला दहा कमी असताना काटा एकाहत्तरवर गेला. "सुटली!" मास्तर ओरडले.

त्यानंतर काटा चढत राहिला. दोनच्या सुमारास त्याने नव्वदी ओलांडली, आणि तेवढ्यात दारात साहेब आणि आरोग्य निरीक्षक उभे राहिले. वरून काकूही उतरल्या. इस्त्रीची साडी, हातात अर्जाची प्रत. निरीक्षकांनी कपाटाकडे पाहिलं. आरशाकडे पाहिलं. धुराड्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं.

"धूर कुठे आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच, धुराड्याच्या तोंडाशी काही दिसत नव्हतं. निरीक्षकांनी पॅडवर लिहायला घेतलं. "पाहणीच्या वेळी धूर आढळून आला नाही. तक्रार निकाली."

मेहुण्याने मुद्देरावांच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात भावोजी!"

"थांबा," मुद्देराव म्हणाले. "हे मला मान्य नाही."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"एक, धूर आहे. दोन, तो दिसत नाही याचं कारण तो उत्तम आहे. वाईट धूर पांढरा किंवा काळा असतो आणि कुणालाही दिसतो. चांगला धूर निळसर आणि पातळ असतो. नऊ तास मी त्याच्यासाठी बसलोय. तीन, उद्या कुणी अहवाल वाचला तर त्याला वाटेल मी मांस गॅसवर शिजवलं." त्यांचा आवाज भरून आला. "धूर आढळून आला नाही असं माझ्या घरातून लिहून जाणार नाही."

"अहो, पण धूर आहे म्हटलं तर तुमच्यावर नोटीस निघेल," साहेब म्हणाले.

"निघू द्या."

"पण मला तर दिसत नाही ना," निरीक्षक चिडले. "न दिसणारी गोष्ट मी लिहू कशी? आहे का इथे कुणी, ज्याला दिसतोय?"

मास्तरांना मोतीबिंदू, जवळचे काटे दिसत, लांबचा धूर नाही. मेहुण्याने मान वर केली, खाली घातली.

"आहे की," मागून काकू म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि पेरूच्या गर्द पानांकडे बोट केलं. "असे इथे उभे राहा. त्या पानांच्या पुढे बघा. निळा."

साहेब काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वाकले. काळ्या हिरव्या पानांसमोरून एक निळी रेघ, सुताएवढी, सरळ वर जात होती.

"दोन महिने मी वरून हेच बघते आहे," काकू म्हणाल्या. "आधीचा डोळ्यांना झोंबायचा. मग कडू झाला. आज पहाटेपासून मी खिडकी मिटलेली नाही." त्यांनी नाक वर करून एक खोल श्वास घेतला. "आणि आता वास बदललाय. लाकडाचा मागे गेला, मांसाचा पुढे आला. झालंय ते. काढा."

मुद्देरावांनी काट्याकडे पाहिलं. पंच्याण्णव. पुस्तकात लिहिलेला आकडा.

त्यांनी दार उघडलं. मांडी वरून शिसवी लाकडासारखी काळपट झाली होती, चकाकत होती. पाटावर ठेवून त्यांनी हाडाचं टोक धरलं आणि जरासं ओढलं. हाड कसलीही कुरकुर न करता, स्वच्छ, पांढरं, हातात आलं. आतलं मांस आपल्या भाराने हळूच दुभंगलं आणि रसाची एक धार पाटावरून ओघळली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून जावयाच्या संदर्भात निघालेले हे पहिले चांगले शब्द.

पुढचा अर्धा तास अंगणात पाव फाटत होते, कांदा कुरकुरत होता. पहिला घास मुद्देरावांनी अर्जदाराला दिला, तसा नियम नव्हता तरी. काकू डोळे मिटून चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ अर्धा चमचा जास्त. बाकी काही नाही." मेहुण्याने एकदा घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला आला तेव्हा ताट पुढे करत खाली बघून म्हणाला, "भावोजी, तो विटेचा प्रकार मला जरा दाखवाल?"

"दाखवेन," मुद्देराव म्हणाले. "पण तुमच्या मशीनला वीट कुठे लावणार?"

निरीक्षकांनी बोटं पुसून अहवाल फाडला आणि नवा लिहिला. साहेबांनी मजकूर सांगितला, मुद्देरावांनी दोन ठिकाणी भाषा सुधारली. 'पाहणीच्या वेळी धूर आढळून आला. तो निळसर, पातळ व निर्दोष होता. अर्जदार यांची आता तक्रार नाही, मात्र पुढील कार्यक्रमाची सूचना आदल्या दिवशी मिळावी, म्हणजे त्या चादरी आत घेतील व स्वतः खाली येतील, असे त्यांचे म्हणणे आहे.' खाली काकूंनी सही केली, मास्तरांनी साक्षीदार म्हणून केली, आणि वेल्डरनेही केली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सगळे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. मुद्देराव धुवायच्या दगडावर बसले. शर्टाला, केसांना, नखांना धुराचा वास. समोर पाट. पाटावर काही नाही. हाडदेखील मास्तरांचा कुत्रा घेऊन गेला होता.

वहिनी पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुम्ही खाल्लंत का?"

मुद्देराव विचारात पडले. सगळ्यांना वाढलं होतं. साहेबांना दोनदा. निरीक्षकांना बांधून दिलं होतं. "नाही," ते म्हणाले. "राहिलंच की."

"एक घासही नाही?"

"नाही."

वहिनी त्यांच्या शेजारी दगडावर टेकल्या. पदराने त्यांच्या कपाळावरची काजळी पुसली, ती आणखी पसरली.

"कसं होतं?" मुद्देरावांनी विचारलं.

"छान होतं."

"मोघम आहे."

वहिनींनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आधी दाताला वरची साल लागते. कडक, खारट, मिऱ्याची. वाटतं, आता तोडावं लागणार. पण तोडावं लागत नाही. दात टेकला की ती बाजूला होते आणि आतलं मऊ लागतं, लोण्यासारखं. मग जरा गोड लागतं, ते पेरूचं असणार. धूर शेवटी येतो. घास गिळल्यावर, मागून. नुसता येऊन जातो. मी असं कधी खाल्लं नव्हतं. माझ्या भावाकडेही नाही."

मुद्देरावांनी डोळे मिटले होते. त्यांचा गळा हलला, घास उतरावा तसा.

"परत सांग," ते म्हणाले. "सालीपासून."